थंडीतला बोनफिश: आधी थर्मामीटर, मग गळ

डिसेंबर ते फेब्रुवारीत बहामाच्या अँड्रॉस बेटावर बोनफिशसाठी (उथळ खाऱ्या पाण्यात चरणारा, गळाने धरायचा चपळ मासा) जायचं तर भरती-ओहोटीच्या आधी हवामानाचा अंदाज बघा. उत्तरेकडून थंडीची लाट यायच्या आधी वारा आग्नेयेवरून दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला फिरतो. ते एक-दोन दिवस उबदार असतात आणि मासा भरपूर चरतो. वारा वायव्येला वळला की गुडघाभर पाणी एका रात्रीत गार पडतं. मासे खोल खाडीत उतरतात.

पाणी 20 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उथळात पाय दमवू नका, खाडीच्या तोंडाशी शोधा. 22 च्या पुढे गेलं की आशा. थंडीच्या लाटेनंतर पहाटे निघणं फुकट. अकरानंतर समुद्री गवताचा काळपट तळ पांढऱ्या वाळूच्या आधी तापतो. त्यावर दुपारची भरती चढत असेल तर तिथून हलू नका.

8 नंबरचा 9 फुटी फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं हलकं कृत्रिम आमिष), रिळावर लाइनमागे 180 मीटर बॅकिंग (राखीव दोरा), लाइनपुढे 10 ते 12 फुटी लीडर (बारीक दोरा), टोकाला 10-12 पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा दोरा. 4 ते 6 नंबरच्या गळावर 'क्रेझी चार्ली' किंवा 'गॉचा' या फ्लाय. वीतभर पाण्यात मणीसाखळीच्या डोळ्यांची फ्लाय चालते, मांडीभर पाण्यात जड डोळ्यांचीच; थंडीत हीच जास्त लागते. उष्ण हवेसाठीची लाइन गारठ्यात ताठरते, वेटोळी धरते. टाकण्याआधी पंधरा मीटर हातांनी ताणून घ्या.

या दिवसांत भर दुपारीही आपली सावली बरीच लांब पडते, म्हणून सूर्य थेट पाठीशी नको, खांद्यामागे तिरपा असू द्या. मासा सहसा दिसत नाही, त्याची तळावरची सावली दिसते. शांत पाण्यात फ्लाय त्याच्या वाटेवर दीड मीटर पुढे पडू द्या, तळाला टेकू द्या, मग वीत-वीत ओढा. मासा वाकला, थबकला, की रॉड उचलायचा नाही! नवखे इथेच मासा घालवतात: रॉड उचलला की फ्लाय तोंडातून वर निसटते. रॉड माशाकडेच रोखून लाइनच्या हाताने लांब ओढा. हुकलं तरी फ्लाय त्याच्यासमोरच राहते. मग पायाखालची सैल लाइन सुटेपर्यंत रीळ विसरा.

परवाना आधीच काढा. चालताना पाय घासत टाका, वाळूत पाकट दडलेलं असतं. मासा पाण्यातच धरून गळ सोडवा, हात ओले ठेवा. जवळ शार्क फिरत असेल तर मासा लगेच सोडू नका. दमलेला बोनफिश दहा पावलांतच तिच्या तोंडी जातो.