इंदुरात कॉल सेंटरची नोकरी शोधताय? अर्जात मराठी आधी लिहा

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या आपल्या घरांतली मुलं कॉल सेंटरचा अर्ज भरतात आणि ‘भाषा’ या रकान्यात हिंदी, इंग्रजी लिहून थांबतात. मराठी राहूनच जाते. इंदुरात हिंदी बोलणारे हवे तेवढे मिळतात. पण बँकेचा, विम्याचा किंवा मोबाइल कंपनीचा ग्राहक साताऱ्याहून फोन करतो, तेव्हा त्याच्याशी मराठीत बोलणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून रिझ्युमेवर नावाखालीच ठळक लिहा: मराठी, हिंदी, इंग्रजी. एक पान पुरे. आणि चौकशी करताना ‘मराठी प्रोसेस’, म्हणजे मराठी ग्राहकांचे फोन घेणारं काम, ‘चालू आहे का?’ हे आपणहून विचारा. मी स्वतः अशाच प्रोसेसमधून या कामात शिरले.

मात्र घरची मराठी आधी घासून घ्या. आपण सहज ‘मी पाहून राहिले’ म्हणतो. घरात ते गोडच वाटतं आणि ते सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. फोनवर मात्र ‘मी तपासतेय’, ‘तुमची तक्रार नोंदवलीय’ असं बोलायची सवय हवी. त्याहून मोठी अडचण आकड्यांची. शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत झालेली असते, त्यामुळे गप्पा मराठीत आणि आकडे हिंदीत, असं आपलं चालतं. माझी पहिली मुलाखत तिथेच अडली होती. समोरच्या बाईंनी ‘एकोणनव्वद’ म्हटलं आणि मी ९९ लिहिलं. ग्राहकाच्या खात्याबाबत अशी चूक झाली तर पैशांचा घोळ होतो.

यावर उपाय घरातच आहे. विजेचं बिल घ्या, त्यातली रक्कम, तारीख, ग्राहक क्रमांक मोठ्याने मराठीत वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आजीला ऐकवा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. दीडशे, अडीचशे, साडेबाराशे. दोन आठवडे रोज दहा मिनिटं दिलीत तर जीभ वळते. आणि कोणताही नंबर ऐकला की एकेक आकडा त्याच क्रमाने परत म्हणून खात्री करायची, हा नियम आजपासूनच पाळा.

आता कामाचा प्रकार ठरवा. ‘इनबाउंड’मध्ये ग्राहक अडचण घेऊन स्वतः फोन करतो. ‘आउटबाउंड’मध्ये आपण फोन लावायचा, त्यात बहुतेक वेळा विक्री किंवा वसुली असते आणि टार्गेट डोक्यावर असतं. पहिली नोकरी शक्यतो इनबाउंडची घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ऐकून घ्यायला शिकता येतं. चॅट किंवा ईमेलच्या कामाला टायपिंगचा वेग लागतो. अमेरिकेच्या प्रोसेसला चांगली इंग्रजी तर हवीच, शिवाय रात्रपाळी धरूनच चाला.

शोधायचं कुठे? विजय नगरचा परिसर, परदेशीपुऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स, खंडवा रोडवरचं क्रिस्टल आयटी पार्क या भागांत चौकशी करा. टेलिपरफॉर्मन्स, टास्कअस अशा मोठ्या कंपन्यांची केंद्रं इंदुरात आहेत. त्यांच्या वेबसाइटवर थेट अर्ज करता येतो. नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते. पण सगळ्यात आधी ओळखीत बघा. अनेक ठिकाणी आणलेला माणूस टिकला तर कर्मचाऱ्याला रेफरल बोनस मिळतो, त्यामुळे शेजारचा दादा तुमचा रिझ्युमे आनंदाने पुढे देईल.

मुलाखतीच्या दिवशी आधार, पॅन, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स न्या; मूळ कागद दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत. एचआरशी बोलणं झालं की भाषेची परीक्षा असते. इंग्रजी प्रोसेससाठी काही कंपन्या व्हर्संट नावाची चाचणी घेतात. ती संगणकावर बोलून द्यायची असते: वाक्य एकदाच ऐकून तसंच म्हणायचं, छोट्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लावून एकेक वाक्य मागोमाग म्हणत गेलात तर ही तयारी छान होते.

मग येतो मॉक कॉल. मुलाखत घेणारा चिडलेला ग्राहक होतो: ‘पैसे कापले, रिचार्ज झालंच नाही!’ इथे बहुतेक मुलं घाईघाईने कारणं देऊ लागतात. आधी त्याचं पूर्ण ऐका. मग म्हणा, ‘सर, पैसे जाऊनही रिचार्ज झालं नाही, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. मी लगेच बघते. तुमचा मोबाइल नंबर सांगता का?’ होल्डवर ठेवायचं तर परवानगी घ्या, आणि परत आल्यावर थांबल्याबद्दल आभार माना. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. हिंदी कॉलवर ‘आप’ म्हणता म्हणता ‘तुम’ निसटतं, तेवढं सांभाळा.

नोकरीसाठी कुणी नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागितले तर उठून या. परदेशी लोकांना लुबाडणारी बनावट कॉल सेंटर्स आपल्या शहरात पोलिसांनी पकडली आहेत, आणि अशा धाडींत तिथे फोनवर बसलेली मुलंही अडकतात. ग्राहकाचा ओटीपी किंवा पिन विचारायला सांगणारी जागा असेल तर तिथे एक दिवसही थांबू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

ऑफर लेटर हातात आलं की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च, बाजूला ठेवा आणि हातात किती येणार ते विचारा. साधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफला जातात. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातात आणि त्यातून उपचाराची सोय मिळते. इन्सेंटिव्ह हिशेबात धरू नका. वीक ऑफ ठरलेला की बदलता, रात्री घरापर्यंत कॅब येते का, ट्रेनिंगमध्ये पूर्ण पगार मिळतो का, शेवटच्या परीक्षेत नापास झालं तर पुन्हा संधी आहे का, हे सगळं सही करण्याआधी विचारा. मुलींनी तर कॅबचं उत्तर ईमेलवरच मागावं.

ट्रेनिंगमध्ये जुन्या सहकाऱ्याशेजारी हेडफोन लावून कॉल ऐकायला बसवतात. तेव्हा जवळ वही ठेवा. कोल्हापूरचा, नांदेडचा, जळगावचा ग्राहक रक्कम आणि तारीख कशी सांगतो, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.