नागपुरात शूटिंग लावताय? आधी हे बघा

मी प्रॉडक्शन सांभाळतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला सीन असेल तर कागद महिनाभर आधी हलवा. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीत चित्रीकरणाचा उल्लेख आला, तोही अधिवासात बदल न करण्याच्या अटीवर. म्हणजे फ्रेममध्ये फांदी आडवी आली तर कॅमेरा सरकवा, कोयता काढू नका.

शहरात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. असिस्टंटांना वॉकीटॉकी द्या.

खरी डोकेदुखी जेवणाची. सावजी रस्सा कागदी द्रोणातून गळतो, मग पोरं दोन-दोन द्रोण घेतात. मी भाड्याने स्टीलची ताटं आणतो आणि भांडी घासायला दोन बाया लावतो. गिलासांवर नेलपॉलिशने नंबर टाका, नाहीतर चहागणिक नवा गिलास.

सेटला थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे. त्याआधी एकदा मे महिन्याच्या वावटळीत आमची थर्माकोलची भिंत फुटली होती. नालीतून दाणे चहाच्या गाळणीने काढले, बाप्पा! आता बांबू आणि तट्ट्या. शूट संपलं की मंडपवाला परत नेतो.