हॉलीहॉक लावताय? या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की कोल्हापुरात ज्याला त्याला बाग सुचते. भाताला ते ठीक, हॉलीहॉक या उंच फुलझाडाला नाही. जुलैत आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की हे झाड बुंध्यातून कुजतं. बी टाकायचं नवरात्राच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर. फुलं फेब्रुवारीपासून. तोवर जमिनीलगत नुसता पानांचा घेर दिसतो, आणि उतावळी मंडळी "हे फुलतच नाही" म्हणत नेमकं तेव्हाच उपटतात.

दुसरी चूक युरिया. आमच्या गल्लीत एक ऊसवाले दादा आहेत. "वहिनी, उसाला टाकतो तसा मूठमूठ टाकलाय, बघा कसं वाढलंय!" वाढलं होतं खरं, माणसाच्या डोक्यावर, पानं परातीएवढी. "दादा, काठ्या लावा," म्हटलं, तर म्हणाले, "एवढ्या जाड खोडाला काय हुतंय?" एप्रिलात पहिला वळीव आला आणि अख्खी रांग रस्त्यावर आडवी. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की खोड जाड दिसतं, पण आतून लुसलुशीत राहतं. मी वाफा करताना कुजलेलं शेणखत घालते, पुढं कळ्या दिसेपर्यंत काहीच नाही. बांबू मात्र रोप गुडघ्याएवढं असतानाच रोवते. उशिरा रोवला तर मुळं दुखावतात. सुतळी आठच्या आकड्यात, सैल.

नर्सरीतून फुलावर आलेलं रोप आणू नका. याला सोटमूळ असतं, पिशवीत ते वेटोळं घालून बसतं. चार-पाच पानांचं आणा, नाहीतर सरळ जागेवर बी टोका.

भिंतीच्या उत्तर अंगाला हिवाळ्यात ऊन येत नाही. तिथं लावून मग मला विचारू नका.

पानांखाली नारिंगी पुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नकोत. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, पाणी सकाळी बुंध्याशी द्या. संध्याकाळी पाइपनं पानं धुणाऱ्यांना औषध सुचवण्यात अर्थ नाही. उसाचं पाचट जरूर अंथरा, खोडाला चिकटवू नका.

भेंडी, जास्वंद शेजारी नको. कुळ एकच, पिठ्या ढेकूण ही कीडही तीच.

थंड मुलखात याची झाडं काही वर्षं टिकतात म्हणून मे महिन्यात वाळकी खोडं राखत बसू नका, इथं हा एका हंगामाचाच खेळ. बियांसाठी तपकिरी झालेली बोंडं वळवाआधी काढून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते.