जबाब घेऊ नका भाऊ! पोलीस दोस्ताला सावरताना या चुका टाळा

आमच्या पोलीस लाईनमधल्या एका हवालदार दोस्ताने तलावातून एका पोराची बॉडी काढली, पंचनामा त्यानेच लिहिला, पीएमला, म्हणजे शवविच्छेदनालाही तोच गेला आणि रात्री घरी येऊन नेहमीसारखा जेवला. आठेक दिवसांनी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हे रात्री उठून आपल्या पोराच्या चपला दारातून उचलून आत आणून ठेवतात, विचारलं का अंगावर येतात.

मी त्याला टपरीवर गाठलं आणि तिथंच पहिली चूक केली. किती वाजता पोचला, पाणी किती होतं, सोबत कोण होतं? वीस वर्षांची सवय, तोंडातून जबाबच निघतो. तोही कोर्टात उभा असल्यासारखा ओळीने सांगत गेला, चहावर साय धरली, आणि त्या रात्री त्याला झोपच आली नाही. तर घटना खोदून काढू नका. "झोप येऊन राह्यली का? जेवण जाते का?" एवढं विचारा आणि गप बसा, तो स्वतःहून बोलला तर मधात तोडू नका.

सगळ्यांना एका खोलीत बसवून एकदाच मन मोकळं करायला लावणं, हेही त्यातलंच. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अशा बैठकीची पद्धत मांडली होती, पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की एका बैठकीने पुढचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात घर करून बसणारा आजार, काही टळत नाही, उलट काहींना त्रास वाढू शकतो. म्हणून सक्ती नको.

दुसरं, "हे तर रोजचंच आहे बे, पोलीस आहेस ना" हे वाक्य तर पार बंद करा. पहिले काही आठवडे दचकणं, वाईट स्वप्नं, चिडचिड होऊ शकते, बऱ्याच जणांचं हळूहळू कमीही होतं. महिना उलटूनही तेच सुरू असेल, त्या रस्त्याने जाणंच टाळत असेल, तर डॉक्टर लागतो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १४४१६ या सरकारच्या टेली मानस हेल्पलाईनवर चोवीस तास फुकटात बोलता येतं. आघातावरची सीबीटी (बोलून विचार अन् वागणं बदलायची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळे हलवत ती आठवण हाताळायची थेरपी) या दोन्ही उपचारांनी फायदा होतो, नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. अन् "चल, दोन पेग मार, झोप लागेल" म्हणणारा दोस्त मीच होतो एकेकाळी. दारूने डोळा लागतो खरा पण पहाटे झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला तोंडाचा वास येतो तो वेगळाच ताप.

गोष्ट फुटणं ही सगळ्यात महाग चूक. लाईनमध्ये एका घरी खोकला तर चौथ्या घरी औषध विचारतात, त्यात आजारी रजेवर (सिकमध्ये) जावं लागेल, सीआर म्हणजे साहेबांचा गोपनीय शेरा खराब होईल म्हणून हा आधीच घाबरलेला. म्हणून ऐकणारा त्याचा साहेब नसावा, बरोबरीचाच असावा. पण सगळंच पोटात ठेवीन असं वचन देऊ नका. जिवाचं काही वाटलं तर सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या, आणि त्याचं हत्यार काही दिवस जमा व्हावं म्हणून अशा साहेबांशी बोला जे बोंबलणार नाहीत. हे त्याला आधीच सांगून ठेवा.

माझी शेवटची चूक विसर्जनाच्या बंदोबस्ताची. तलावावरचा त्याचा पॉइंट, म्हणजे ड्युटीची जागा, मी परस्पर बदलून घेतला, वाटलं उपकार केले. तो भडकला, "मले इचारलं काहून नाही? कमजोर समजते का?" दोन दिवस बोलला नाही. यंदा आधी विचारलं, तर म्हणाला तलाव चालेल पण रात्रपाळी नको, अन् तू सोबत राह्य.