लेसरने चष्मा घालवायचा का? आधी कॉर्नियाचा हिशोब मांडा

मी तीन वर्षांपूर्वी लेसर केलं, तेव्हा २९ची होते, नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार. त्याच महिन्यात माझा दादापण तपासायला आला होता, त्याचा मायनस आठ. माझा चष्मा गेला, त्याचा अजून नाकावर आहे, आणि माझ्या मते दोघांचाही निर्णय बरोबरच होता. ऑफिसमध्ये दर दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारतं की करू का गं, दुखतं का, आणि मला हो किंवा नाही असं उत्तर देताच येत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण दोन सेंटरच्या फायली आणि दादाचे हजार प्रश्न यातून बरंच शिकले.

पहिलं काम घरातच करायचं, दवाखान्यात नाही. जुने चष्म्याचे कागद शोधा, सापडतील तेवढे, निदान गेल्या दोन वर्षांचे. वर्षभरात नंबर ०.५पेक्षा जास्त हलला असेल तर थांबा, विषय संपला. नंबर वाढत असताना लेसर करायचं म्हणजे वाढत्या पोराला मापाचे बूट शिवण्यासारखं आहे. १८ पूर्ण झालं की करतात खरं, पण १९-२०च्या पोरांचा नंबर बऱ्याचदा चालूच असतो, त्यामुळे "कॉलेज सुरू व्हायच्या आत उरकून टाकू" ही आयांची घाई मला पटत नाही. तसंच "लग्नाआधी करून टाक". अगं पण नंबर थांबलाय का ते तर बघू! प्रेग्नंट असाल, बाळ अंगावर पीत असेल तरी नाही, कारण हार्मोन्समुळे तेव्हा नंबर आणि डोळ्याचा ओलावा दोन्ही हलतात, आणि दूध सुटल्यावरही काही महिने जाऊ द्यायचे.

सरकारी भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी जाहिरातीतलं मेडिकलचं पान वाचा. रेल्वेत लोको पायलटसाठी लेसर केलेला उमेदवार चालतच नाही, बिनचष्म्याने ६/६ दिसलं तरी. सैन्यात काही एंट्रींना अजिबात चालत नाही, काहींना चालतं पण ऑपरेशनच्या वेळी वय किती होतं, त्याला वर्ष झालं का, कॉर्निया किती उरला अशा अटी असतात. चष्म्यामुळे नोकरी जाईल म्हणून ऑपरेशन करायचं आणि ऑपरेशनमुळेच नोकरी जायची, असं नको व्हायला.

आता मुख्य मुद्दा, जो मला कोणीच आधी सांगितला नव्हता. लेसर म्हणजे डोळ्यात काही घालत नाहीत, उलट काढतात. समोरचा जो काचेसारखा पारदर्शक थर असतो, कॉर्निया, तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास, कुणाचा कमी कुणाचा जास्त. मायनस नंबर घालवायला त्याचा मधला भाग तासून चपटा करतात आणि तासलेलं परत येत नाही. ढोबळ हिशोब असा की साडेसहा मिलिमीटरच्या गोलात एका नंबरला १४ मायक्रॉन जातात. लॅसिक नावाच्या प्रकारात त्याआधी वरचा एक पातळ पापुद्रा कापून उचलतात, फ्लॅप म्हणतात त्याला, तो साधारण ११० मायक्रॉनचा. हे सगळं वजा जाता खाली निदान २५० उरलेच पाहिजेत, आणि सावध डॉक्टर ३००च्या खाली जायला तयार होत नाहीत.

माझं बघा. कॉर्निया ५२८. नंबर साडेचार, म्हणजे ६३ गेले. फ्लॅपचे ११०. उरले ३५५, मजेत. दादाचं बघा. कॉर्निया ४९६, नंबर आठ म्हणजे ११२ गेले, वर फ्लॅपचे ११०, उरले २७४. कागदावर २५०च्या वर आहे, पण एकूण जाडीतला जवळपास ४५ टक्के भाग हात लावलेला झाला, आणि साधारण ४०च्या पुढे गेलं की कॉर्निया कमकुवत पडून पुढे फुगायची भीती वाढते. एकदा फुगायला लागला की नुसत्या चष्म्यानेपण नीट दिसत नाही. म्हणून तपासणीचा प्रिंटआऊट मागून घ्या आणि ही वजाबाकी स्वतः करून बघा, पाचवीचं गणित आहे.

दादा आणि मी आधी एका सेंटरला गेलो होतो, नाव लिहित नाही. तिथे डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर बाई भेटल्या, टेबलावर पॅकेजचं कार्ड, आणि दादाचा रिपोर्ट हातात धरून म्हणाल्या, "होऊन जाईल सर, आज बुक केलं तर डिस्काउंट बसतो." डॉक्टर तीन मिनिटं भेटले. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसरीकडे गेलो, तिथल्या डॉक्टरबाईंनी तोच कागद समोर ठेवून पेनाने वजाबाकी करून दाखवली आणि दादाला म्हणाल्या, "तुमचं मी करणार नाही." दादा तोंड पाडून बसला. मी मात्र तिथल्या तिथे ठरवलं की आपलं करायचं तर याच बाईंकडे. माझं तर असं मत झालंय की तपासायला जाताना "नाही" ऐकायच्या तयारीनेच जावं, आणि "वर्षाला कितीजणांना परत पाठवता" हे सरळ विचारावं. ज्याच्याकडून कोणीच परत जात नाही त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

तपासणीला जायच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायच्या. सॉफ्ट असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार दबलेला असतो आणि माप चुकतं. मला हे फोनवर सांगितलंच नव्हतं, त्यामुळे एक चक्कर फुकट गेली. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग काही तास जवळचं धूसर आणि ऊन भयंकर टोचतं, तेव्हा स्कूटर घेऊन जाऊ नका, कोणाला तरी सोबत न्या.

पेंटाकॅम नावाच्या मशीनवर कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतात, तो सगळ्यात महत्त्वाचा. त्यात खालच्या बाजूला लाल-केशरी उंचवटा दिसला तर केराटोकोनसची शंका घेतात, म्हणजे कॉर्निया आधीच कमजोर होऊन कोनासारखा पुढे येतोय. मग लॅसिक बाद. घरात कोणाला हा त्रास असेल, किंवा तुम्हाला ॲलर्जीने डोळे चोळायची सवय असेल (आमच्या दादाला आहे, लहानपणापासून मुठीने कराकरा चोळतो), तर न विचारताच सांगा. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओली होते तेपण बघतात. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळे फारच कोरडे आहेत, आधी त्याचा इलाज. मुरुमांच्या जोरदार गोळ्या चालू असतील, शुगर असेल, संधिवाताचा काही प्रकार असेल, तर तेपण लपवू नका, ऑपरेशन नाकारतील म्हणून लोक लपवतात आणि मग भोगतात.

डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघितल्याशिवाय तर अजिबात पुढे जाऊ नका. मोठा मायनस म्हणजे डोळा लांबट, पडदा ताणलेला, कडेला कुठे पातळ झालेला किंवा छिद्र पडलेलं असू शकतं. लेसर फक्त पुढच्या काचेवर होतं, डोळा आहे तेवढाच लांब राहतो. त्यामुळे चष्मा गेला तरी वर्षाला एकदा पडदा तपासायचाच, आणि डोळ्यासमोर एकदम चमका किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळायचं.

प्रकारांच्या नावांनी फार गोंधळू नका. पीआरके सगळ्यात जुना, फ्लॅप नाही, वरची नाजूक त्वचा खरवडून थेट लेसर. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर हळूहळू स्वच्छ होते, पण पातळ कॉर्नियावाल्यांना आणि कबड्डी-बॉक्सिंगवाल्यांना हाच बरा, कारण फ्लॅप हलायची भीतीच नाही. लॅसिकमध्ये दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. ब्लेडलेस म्हणजे तो फ्लॅप पात्याऐवजी लेसरने कापतात, एवढंच. काँटुरा म्हणजे नकाशा बघून तासणारं लॅसिक. स्माईलमध्ये फ्लॅप न कापता छोट्या फटीतून आतली चकती ओढून काढतात. दादासारख्या मोठ्या नंबरवाल्यांना आयसीएल सुचवतात, कॉर्निया न तासता आत लेन्स बसवायची. महाग आहे आणि आत जागा पुरेशी लागते. दादा अजून विचारच करतोय.

चाळिशीच्या जवळ असाल तर आमच्या बाबांचं उदाहरण घ्या. त्यांचा नंबर मायनस अडीच, वय ५८, पेपर वाचताना चष्मा कपाळावर चढवतात आणि आरामात वाचतात, सुईत दोरापण तसाच ओवतात. लेसर केलं असतं तर लांबचं बिनचष्म्याने दिसलं असतं आणि पेपरला चष्मा लागला असता. चाळिशी कोणाला चुकत नाही. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवायची युक्ती करतात, पण ती आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून आठवडाभर अनुभवा, काहींचं डोकं गरगरतं.

त्रास काय होतो? मला कोरडेपणा आठ महिने होता. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत वाढेपर्यंत डोळ्याला पाणी कधी सोडायचं तेच कळत नाही. एसीत कॉम्प्युटरसमोर बसून दुपारी चारला डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, पर्समध्ये थेंबांची बाटली कायम. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना वलयं दिसायची, ती चार-पाच महिन्यांत कमी झाली, पूर्ण गेली म्हणणार नाही. काही थोड्या लोकांना हे कायमचं राहतं. रात्री गाडी चालवून पोट भरणाऱ्याने म्हणून दहादा विचार करावा.

पैशाचं म्हणाल तर प्रकार आणि शहर बघून दोन्ही डोळ्यांचे पन्नास हजाराच्या आत ते लाखाच्या बरेच वर, काहीही सांगतात. थेंब, नंतरच्या तपासण्या, आणि नंबर थोडा उरला तर परत करायचे पैसे त्यात धरलेत का ते लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये साडेसात नंबरच्या खालच्यांना हा खर्च मिळत नाही, तशी अटच असते. त्याच्या वर असेल तर पॉलिसी वाचून विचारा. म्हणजे गंमत बघा, आमच्या घरात इन्शुरन्सला चालण्यासारखा नंबर दादाचा, आणि त्याच्याच कॉर्नियाला परवडत नाही.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही, दोन्ही डोळे मिळून अर्धा तास. सुन्न करायचे थेंब टाकतात, डोळा पकडताना दाब येतो आणि काही सेकंद सगळं काळं होतं, तेव्हाच काय ती भीती वाटते. मग टकटक आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. जळत काही नसतं बरं का, हा लेसर उष्णतेने जाळतच नाही, रेणूंमधले बंध तोडतो. तो जिवंत पेशींवर इतका स्वच्छ चालतो हे १९८१मध्ये ज्यांनी शोधलं त्यांत मद्रासला जन्मलेले शास्त्रज्ञ श्रीनिवासन होते, आणि त्यांनी पहिला प्रयोग सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर केला होता.

तारीख मात्र कॅलेंडर बघून घ्या. डोळ्यात पाणी, धूळ, रंग काही जाता कामा नये, डोकं मागे टाकून धुवायचं, काजळ बंद, झोपताना प्लॅस्टिकचं कवच, चोळायचं तर नावच नको. होळी किंवा विसर्जनाच्या आधीचा महिना टाळा. मी जानेवारीत केलं तरी रंगपंचमीला खिडकीतूनच बघितलं.

आणि ऑपरेशनच्या आधीची मापं, तो रंगीत नकाशा, किती मायक्रॉन काढले तो कागद, हे सगळं झेरॉक्स करून आणि फोटो काढून जपून ठेवा. साठीत मोतीबिंदू झाला की आत घालायच्या लेन्सचा नंबर काढताना तासलेला कॉर्निया हिशोब चुकवतो आणि तेव्हा ही जुनी मापं कामाला येतात. माझी फाईल आईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातली होती, रद्दीवाला वजन करत असताना उचलून आणली.