स्क्वेअर डान्सच्या पहिल्या वर्गाआधीची तयारी

स्क्वेअर डान्स म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात उभं राहून, एकजण मोठ्याने देतो त्या सूचनांवर, म्हणजे ‘कॉल’वर, करायचा नाच. अमेरिकेत त्याच्या वर्गाला नाव घालायचं ठरवलं असेल तर बुटांचा विचार नंतर, आधी कॅलेंडर उघडा. बरेच क्लब नवशिक्यांचे वर्ग सप्टेंबरात किंवा जानेवारीत सुरू करतात आणि दोन-तीन आठवड्यांनी नवीन माणसं घेणं थांबवतात. पाचव्या आठवड्यात शिकवलेली हालचाल दुसऱ्या आठवड्यातल्या हालचालीवर उभी असते, म्हणून मधेच शिरणाऱ्याचे हाल होतात. सलग दोन वर्ग बुडाले तरी तेच. कोणता अभ्यासक्रम शिकवणार, हे फोन करून विचारा. कॉल देणाऱ्यांची, म्हणजे कॉलरांची, ‘कॉलरलॅब’ नावाची संघटना आहे. तिचा ‘सोशल स्क्वेअर डान्सिंग’ हा सुमारे ५० कॉलांचा अभ्यासक्रम १२ आठवड्यांत संपावा असा बेतलेला आहे. ‘मेनस्ट्रीम’ त्याहून मोठा. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना पहिला अगदी सोयीचा पडतो. फाडफाड इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही, कारण कॉल ठरलेलेच असतात. जपानपासून जर्मनीपर्यंत ते इंग्रजीतच दिले जातात, म्हणजे तिथली माणसंही परकी भाषा ऐकूनच नाचतात. जोडीदार नसेल तर तेही फोनवरच सांगून ठेवा. जुने नर्तक वर्गात मदतीला येतात, त्यांना ‘एंजल’ म्हणतात. त्यांच्यापैकी कुणीतरी तुमच्याबरोबर उभं राहतं.

आता पाय. बुटाचा तळ गुळगुळीत हवा, चामड्याचा असेल तर उत्तम. रबरी तळाचे धावायचे बूट जमिनीला धरून ठेवतात. अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि तो पीळ गुडघ्यात जातो. दोन तासांनंतर गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा यामुळेच. बूट काढून नुसत्या मोज्यांवर नाचायचा मोह आवरा, लाकडी फरशीवर मोजे घसरतात. कपडे रोजचे चालतात. फुगीर झगा आणि काउबॉय पद्धतीचा शर्ट हा जुना थाट क्लबच्या मोठ्या कार्यक्रमांत दिसतो, नवशिक्यांच्या वर्गात त्याची गरज नसते. पंजाबी ड्रेस छान, पण ओढणी घरीच ठेवा. काचेच्या बांगड्या आणि खड्याच्या अंगठ्या काढा, लांब मंगळसूत्र आत घ्या. रुमाल आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. अत्तर लावू नका, कारण तासाभरात किमान सात जणांच्या श्वासाच्या अंतरावर तुम्ही असणार आहात.

घरी दोन गोष्टींचा सराव करा. मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांचं कुठलंही गाणं लावा आणि एका ठोक्याला एक पाऊल चाला. उड्या नकोत, पाय जमिनीजवळून सरकता ठेवायचा. दुसरं म्हणजे ‘लेफ्ट’, ‘राइट’ हे शब्द थेट अंगात उतरवा. ऐकून मनात ‘डावा, उजवा’ असं भाषांतर केलंत की एक ठोका गेलाच. घरातल्या कुणालातरी मधूनच ‘लेफ्ट’ म्हणायला सांगा आणि त्या हाताने भांडं उचला. चार दिवसांत फरक पडतो. कॉल डोळ्यांनी बघायचे असतील तर ‘टॅमिनेशन्स’ या संकेतस्थळावर त्यांची हलती चित्रं आहेत, पण ती वर्गानंतर उजळणीला बघा. आधी पाठ केलेला कॉल कॉलरच्या पुढे पळायला लावतो.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा आणि चौकोन समजून घ्या. चार जोड्या आत तोंड करून उभ्या राहतात. कॉलरकडे पाठ असलेली जोडी पहिली, तिच्या उजवीकडची दुसरी, असा क्रम पुढे जातो. पहिली आणि तिसरी ‘हेड्स’, दुसरी आणि चौथी ‘साइड्स’. जोडीत पुरुषाची भूमिका डावीकडे, स्त्रीची उजवीकडे. पुष्कळ क्लबांत कुणीही कुठलीही भूमिका घेतं, मात्र वर्गभर एकच धरावी. डावीकडच्याचा ‘कॉर्नर’ त्याच्या डाव्या हाताला, उजवीकडच्याचा उजव्या हाताला. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ पार्टनर आणि कॉर्नर यांच्या अदलाबदलीतूनच होतो, म्हणून चौकोन जमला की दोघांकडे एकेकदा बघून त्यांची नावं विचारा.

‘राइट अँड लेफ्ट ग्रँड’ मराठी माणसाला लवकर उमजतो, कारण गोफ विणताना एकाला आतून, दुसऱ्याला बाहेरून ओलांडतात तीच ही चाल. पार्टनरला उजवा हात द्यायचा, पुढच्याला डावा, मग उजवा, मग डावा, की समोर पुन्हा पार्टनर. हात द्यायचा, घट्ट धरायचा नाही. अंगठ्याने दाबलं की समोरच्याच्या हाताला कळ लागते आणि साखळी अडकते. ‘स्विंग’ला, म्हणजे जोडीदाराला धरून जागच्या जागी गोल फिरायला, मात्र फुगडीची सवय आड येते. मागे रेलून भार टाकू नका, पाठ सरळ ठेवा. खांदा दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर नाच सुरू व्हायच्या आधीच जोडीदाराला सांगा.

चुकलात तर हरवलेली जागा शोधत फिरू नका. थांबा, हात पुढे ठेवा, शेजारचा एंजल नजरेने किंवा बोटाने दाखवेल. सगळा चौकोनच मोडला तर आपापल्या मूळ जागी या, पार्टनरशेजारी उभे राहा आणि समोरासमोर चार-चारच्या दोन ओळी करून कॉलर बाकीच्या चौकोनांना तशाच ओळींत आणेपर्यंत थांबा. दुसऱ्याला ढकलून बरोबर जागी नेणारा स्वतःचा पुढचा कॉल चुकवतो.

नाचाच्या एका फेरीला ‘टिप’ म्हणतात. तिच्यात आधी कॉलर मनाने कॉल गुंफतो, मग गाण्यावर नाच होतो. त्या गाण्यात साधारणपणे चार वेळा पार्टनर बदलतो आणि शेवटी मूळचा परत मिळतो, म्हणजे ज्यांची नावंही माहीत नव्हती अशा सगळ्यांचा हात तेवढ्यात हातात येऊन जातो. म्हणूनच ओळख वाढवायला आलेल्यांनी प्रत्येक टिपला वेगळ्या चौकोनात उभं राहावं. नवरा-बायकोने तर मुद्दाम. टिप अर्धवट टाकून बाहेर पडू नये, उरलेले सात जण अडकतात. मधल्या सुट्टीत फोन खिशातच राहू द्या. चहा-बिस्किटांच्या टेबलाजवळ उभे राहा आणि खुर्च्या लावायला हात लावा. खरी बोलणी तिथेच होतात. पुढच्या आठवड्यात येणं जमणार नसेल तर दुपारपर्यंत कळवा, म्हणजे तुमच्या जागी एंजल बोलावता येतो.