व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर
दारू सुटली की आयुष्य आपोआप रुळावर येतं, असं नसतं. मला सगळ्यात जड जायची ती संध्याकाळ. सात वाजले की हात रिकामे. म्हणून ती वेळ आधीच बांधून ठेवा. मी तेव्हा मुलीचा अभ्यास घेतो, तिची भूमिती आता मलाही येते. तलफ उठली तर तिच्याशी झुंजू नका. बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ चालत राहा, कुणाला तरी फोन लावा. आधी काही खाऊन बघा, पुष्कळदा ती भूकच असते. झोप काही महिने विस्कटलेली राहू शकते. अफूजन्य पदार्थ (हेरॉइन, ब्राउन शुगर वगैरे) सोडलेल्यांनी मात्र पक्कं ध्यानात ठेवा: शरीराची सवय मोडलेली असते, जुनी मात्रा जिवावर बेतू शकते. पाय घसरलाच तर लपवू नका, त्याच दिवशी समुपदेशकाला गाठा.